लक्ष्य किंमत आणि नफ्याचे अंदाज: हे आकडे वाचायचे कसे?

मध्यमवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली सात-आठ वर्षे मी बचतीतला काही भाग नेमाने समभागांत घालत आलो आहे. ताळेबंद आणि तिमाही निकाल समजण्यापुरते वाचता येतात, पण विश्लेषकांच्या अहवालांपुढे आजही गोंधळायला होते. नुकत्याच घडलेल्या एका प्रसंगाने हा गोंधळ इतका वाढला की धागा काढावासा वाटला.

माझ्याकडे औद्योगिक पंप बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचे समभाग आहेत. नाव मुद्दाम देत नाही, कारण चर्चा त्या कंपनीवरच घसरेल. निकालाच्या आदल्या दिवशी भाव ९६० होता. कंपनीवर लक्ष ठेवून असलेल्या १५ विश्लेषकांच्या लक्ष्य किमतींची (म्हणजे वर्षभरानंतर भाव किती असेल याच्या अंदाजांची) सरासरी ११९० होती, म्हणजे भावाच्या २४ टक्के वर. तिमाहीचा ईपीएस, म्हणजे प्रत्येक समभागामागचा नफा, १२ येईल असा सरासरी अंदाज होता. प्रत्यक्षात तो १२.५ आला. 'अंदाजापेक्षा सरस निकाल' अशा मथळ्याच्या बातम्या वाचून मी समाधानाने झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी समभाग नऊ टक्क्यांनी आपटून ८७४ वर बंद झाला.

पुढची गंमत अशी की, आठवड्याभरात लक्ष्यांची सरासरी ११५० वर आली, पण भाव त्याहून जास्त पडलेला असल्यामुळे ही सरासरी देणारे संकेतस्थळ आता ३२ टक्के 'वाव', म्हणजे भाव वाढायला जागा, दाखवते. कंपनीबद्दलची बातमी वाईट आली आणि कागदावरचा वाव मात्र वाढला. अंदाजापेक्षा चांगला नफा येऊनही भाव का पडतो, लक्ष्य किंमत हा आकडा नेमका कशातून येतो, आणि त्यावर आपल्यासारख्याने कितपत विसंबावे, याबद्दल जाणकारांनी लिहावे ही विनंती.

शंकासुर

सोपे उत्तर देतो. विसंबू नये. ज्यांना समभाग विकले जावेत असे वाटते, त्यांच्याच पगारावर असलेली माणसे हे आकडे काढतात. पुढे बोलण्यासारखे फारसे काही आहे असे मला वाटत नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

टाचणवही

शंकासुर यांचा संशय निराधार नाही, त्याकडे नंतर येतो. मी आठ वर्षे एका दलाली संस्थेच्या संशोधन विभागात हेच काम केले आहे. त्यामुळे आतली रीत कशी असते ते सांगू शकेन, आणि त्यात माझीही थोडी कबुली येईल.

आधी पहिला प्रश्न. बाजार छापील अंदाजाशी तुलना करत नाही. निकालाच्या दिवसापर्यंत मोठ्या गुंतवणूकदारांच्या मनात जो आकडा तयार झालेला असतो, त्याच्याशी करतो. हे दोन आकडे वेगळे असू शकतात. दुसरे म्हणजे, समभागाच्या किमतीत संपलेल्या तिमाहीचा वाटा अगदी थोडा असतो, जवळजवळ सगळी किंमत पुढच्या वर्षांच्या नफ्याची असते. म्हणून तिमाहीचा ईपीएस ०.५ ने जास्त आला, पण त्याच संध्याकाळी व्यवस्थापनाने वर्षाच्या विक्रीवाढीचा अंदाज १४-१५ टक्क्यांवरून १०-११ टक्क्यांवर आणला, तर भाव पडणे अगदी सुसंगत आहे. मध्यमवाट, तुमच्या कंपनीत असे काही झाले का, ते निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलच्या, म्हणजे व्यवस्थापन आणि विश्लेषक यांच्या दूरध्वनी बैठकीच्या, इतिवृत्तात पाहा. तो ४ टक्क्यांचा जादा नफा कुठून आला, हेही पाहा. विक्रीतून आला, मार्जिनमधून (विक्रीतल्या नफ्याच्या प्रमाणातून) आला, की इतर उत्पन्न वाढल्याने आणि कर कमी पडल्याने आला?

आता लक्ष्य किंमत. बहुतांश अहवालांत ती दोन आकड्यांचा साधा गुणाकार असते: पुढच्या एखाद्या वर्षाचा अपेक्षित ईपीएस गुणिले त्या वेळी बाजार देईल असे गृहीत धरलेले पीई गुणोत्तर (भाव ईपीएसच्या किती पट आहे ते). ईपीएस ५० आणि पीई २० धरला तर लक्ष्य १०००. दोन्ही अंदाजच आहेत आणि ते बहुधा एकाच दिशेने चुकतात, कारण नफा घसरू लागला की बाजार गुणोत्तरही कमी देतो. ईपीएस १० टक्क्यांनी घटून ४५ झाला आणि पीई २० चा १८ झाला, तर ८१० उरतात. नफ्यातल्या १० टक्के चुकीची किमतीत १९ टक्के चूक झाली. अहवाल वाचणारे बहुतेक जण नफ्याच्या अंदाजावर वाद घालतात. पीई २० च का, हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि लिहिणाऱ्याकडेही त्याचे उत्तर 'गेल्या पाच वर्षांची सरासरी' याच्या पलीकडे क्वचितच असते.

रोख प्रवाहाच्या पद्धतीने, म्हणजे डीसीएफने, काढलेले लक्ष्य अधिक शास्त्रीय दिसते. पण तिथे संवेदनशीलता आणखी जास्त असते. अगदी सोप्या रूपात, कायमस्वरूपी वाढत जाणाऱ्या रोख प्रवाहाचे मूल्य हे पुढच्या वर्षाच्या प्रवाहाला, अपेक्षित परतावा वजा वाढीचा दर, या फरकाने भागून येते. परतावा १२ टक्के आणि वाढ ५ टक्के धरली तर भाजक ७ टक्के आणि मूल्य प्रवाहाच्या १४.३ पट. परतावा ११ आणि वाढ ६ धरली तर भाजक ५ टक्के आणि मूल्य २० पट. दोन गृहीतके एकेक टक्क्याने हलवली आणि मूल्य ४० टक्क्यांनी वाढले. शिवाय दोन्ही गृहीतके 'वाजवी' म्हणून कोणत्याही बैठकीत खपून गेली असती.

कबुली आता देतो. निकाल संध्याकाळी येतो, मग कंपनीचा कॉल होतो, आणि सकाळी बाजार उघडण्यापूर्वी अहवाल ग्राहकांच्या हाती पडावा लागतो. रात्री साडेअकराला तुम्ही एक्सेलच्या पत्रकासमोर बसलेले असता, विक्रीचे आणि मार्जिनचे रकाने बदलून झालेले असतात, आणि शेवटच्या ओळीत लक्ष्य भावाच्या फक्त ९ टक्के वर येते. आमच्याकडे 'खरेदी करा' असा शेरा टिकवायचा तर किमान १५ टक्के वाव दाखवावा लागे. शेरा बदलायचा म्हणजे समितीपुढे जाणे, विक्री विभागाला समजावणे आणि कंपनीच्या व्यवस्थापनाची नाराजी ओढवून घेणे आले. त्यापेक्षा पीईच्या घरात २१ पुसून २२.५ लिहिणे सोपे. समर्थन शोधायला फार वेळ लागत नाही: 'प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत सुधारलेला परतावा'. मी हे केलेले आहे, एकदाच नव्हे. त्या दिवशी कोणी खोटे बोलले असे म्हणता येत नाही, पण लक्ष्यातून गुणोत्तर निघाले होते, गुणोत्तरातून लक्ष्य नव्हे.

शंकासुर

म्हणजे मी म्हणत होतो तेच. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा समभाग ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास होता आणि २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधीच्या काही आठवड्यांपर्यंत कितीतरी नामांकित विश्लेषकांचा शेरा 'खरेदी करा' असाच होता. पुढे एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतल्या नियामकांनी दहा मोठ्या वित्तसंस्थांशी सुमारे १.४ अब्ज डॉलरचा समझोता केला. समभाग विक्रीला काढणाऱ्या कंपन्यांकडून इन्व्हेस्टमेंट बँकिंगचा (भांडवल उभारून देण्याचा) धंदा मिळावा म्हणून संशोधन झुकवले जात होते, हाच आरोप होता. हेन्री ब्लॉजेट या गाजलेल्या विश्लेषकावर रोखे व्यवसायातून कायमची बंदी आली. इतके झाल्यावरही लोक लक्ष्य किंमत पाहून खरेदी करतात, याचे मला नवल वाटते.

विचलन

शंकासुर, तुमची माहिती बरोबर आहे. पण ब्लॉजेट यांच्याच एका अंदाजाची गोष्ट मला त्या समझोत्याहून जास्त शिकवून गेली. डिसेंबर १९९८ मध्ये ॲमेझॉनचा भाव २४० डॉलरच्या जवळपास असताना त्यांनी ४०० डॉलरचे लक्ष्य दिले. एकच गदारोळ झाला. पण काही आठवड्यांतच भाव ४०० ओलांडून गेला आणि विश्लेषक रातोरात प्रसिद्ध झाला. १९९९ मधल्या दोन समभाग विभाजनांचा (एका समभागाचे अनेक केल्याचा) हिशेब केला तर ते ४०० म्हणजे साधारण ६७ डॉलर होतात, आणि २००१ च्या शरद ऋतूत तोच समभाग ६ डॉलरच्याही खाली गेला होता. आता हे लक्ष्य 'बरोबर' आले म्हणायचे की 'चूक'? बारा महिन्यांच्या मुदतीत ते गाठले गेले हे खरे आहे. त्यातून कंपनीचे मूल्य बरोबर मोजले होते असे मात्र सिद्ध होत नाही, आणि नंतर भाव कोसळला म्हणून ते चुकीचे मोजले होते असेही सिद्ध होत नाही. एका लक्ष्याच्या यशापयशावरून काहीही शिकता येत नाही. मोठ्या संख्येने लक्ष्ये पाहावी लागतात.

तशी ती पाहिली गेली आहेत. ब्रॅडशॉ, ब्राउन आणि हुआंग या अभ्यासकांनी २००० ते २००९ या काळातली अमेरिकी समभागांची लक्ष्ये तपासली. बारा महिन्यांच्या शेवटी भाव लक्ष्यावर किंवा त्याच्या वर होता, असे ३८ टक्के वेळा घडले. वर्षभरात कधी ना कधी लक्ष्य शिवले गेले, असे ६४ टक्के वेळा. लक्ष्यांत गृहीत धरलेला परतावा प्रत्यक्ष परताव्यापेक्षा सरासरीने १५ टक्क्यांच्या घरात जास्त होता. यातला ६४ चा आकडा जाहिरातीत छान दिसतो, पण जो समभाग वर्षभरात तीस-चाळीस टक्के वरखाली होतो, तो वीस टक्क्यांवरची रेषा कधीतरी शिवण्याची शक्यता मुळातच बरीच असते; त्यात भाकिताचे कौशल्य किती आणि समभागाच्या चंचलपणाचा हातभार किती, हे वेगळे काढावे लागते. म्हणून 'आमची इतकी लक्ष्ये गाठली गेली' असे कोणी सांगितले, तर मुदतीच्या अखेरीस काय झाले ते विचारावे.

आता दुसरी बाजू. केंट वोमॅक यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास १९८९ ते १९९१ या काळातल्या अमेरिकी दलाली संस्थांच्या शिफारशींवर होता. नव्याने दिलेल्या 'खरेदी' शिफारशींनंतर बाजाराच्या तुलनेत सुमारे २.४ टक्के जादा परतावा मिळाला आणि तो लवकरच ओसरला. 'विका' अशा शिफारशींनंतर मात्र पुढच्या सहा महिन्यांत भाव बाजाराच्या तुलनेत सुमारे ९.१ टक्के घसरले. खरेदीच्या नव्या शिफारशी विक्रीच्या साधारण सातपट होत्या. विश्लेषक 'विका' म्हणायला कचरतो, कारण त्यात कंपनीशी संबंध बिघडतात; म्हणूनच तो तसे म्हणतो तेव्हा त्याच्याकडे बहुधा सबळ कारण असते. तेव्हा हे सगळे निरुपयोगी आहे, हे शंकासुरांचे म्हणणे आकडेवारीला धरून नाही. शेऱ्यांच्या भाषेत 'राखून ठेवा' हा बऱ्याचदा 'विका'चाच सभ्य अवतार असतो, असे मात्र मी मानतो.

शंकासुर

विचलन, मुद्दा मान्य. पण वाईट मत असलेला विश्लेषक 'विका' न म्हणता त्या कंपनीवर लिहिणेच बंद करतो, तेव्हा तुमच्या आकडेवारीत तो दिसतो का?

विचलन

दिसत नाही, आणि हा प्रश्न चांगला आहे. मॅकनिकोल्स आणि ओब्रायन यांनी १९९७ मध्ये नेमके हेच दाखवले: विश्लेषक ज्या कंपन्यांबद्दल आशावादी असतात त्यांच्यावर लिहायला घेतात आणि ज्यांच्याबद्दल निराश होतात त्या सोडून देतात. म्हणून उरलेल्यांची सरासरी मुळातच आशावादी येते. त्यासाठी कोणी लबाडी करण्याची गरज नसते. एखाद्या कंपनीवर लिहिणाऱ्यांची संख्या वर्षभरात १५ वरून १० वर आली असेल, तर ती गळती ही बातमीच समजावी.

निवृत्त_लेखापाल

सर्वांना नमस्कार. मी भाकिते करत नाही, हिशेब तपासत आलो आहे, तेवढ्यापुरतेच लिहितो.

अंदाज आणि निकाल यांची तुलना करताना दोन्ही 'ईपीएस' एकाच व्याख्येचे आहेत ना, हे आधी पाहावे. विश्लेषकांचा अंदाज बहुधा 'समायोजित' नफ्याचा असतो, म्हणजे पुनर्रचनेचा खर्च, बुडीत काढलेली सद्भावना (दुसरी कंपनी घेताना तिच्या मालमत्तेच्या मूल्याहून जास्त मोजलेली रक्कम), जमीन विकून झालेला नफा वगैरे वगळून. कंपनीच्या अधिकृत निकालात यातले सगळे धरलेले असते. बातमी देणारा कधी एक आकडा उचलतो, कधी दुसरा. मी एका निकालात 'अंदाजापेक्षा ३० टक्के जादा नफा' असा मथळा वाचून टिपा उघडल्या, तर सगळा जादा नफा एका जुन्या गोदामाच्या विक्रीचा निघाला.

समायोजनाला माझी हरकत नाही, पण जो 'एकवेळचा' खर्च सलग चौथ्या वर्षी येतो, तो कंपनीच्या नेहमीच्या खर्चात धरावा. कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभागांचा खर्च वगळणे मला विशेष खटकते, कारण त्याची किंमत भागधारकच मोजतात. समभागांची संख्याही पाहावी. नफा तेवढाच राहून कंपनीने स्वतःचे समभाग परत विकत घेतले, तरी ईपीएस वाढतो.

टाचणवही

लेखापालसाहेबांनी लिहिलेला गोदामाचा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की, निकालाच्या दिवशी मी आधी 'इतर उत्पन्न' आणि 'कर' या दोन ओळी बघायचो आणि मगच वरची विक्री.

शंकासुरांनी काढलेल्या हितसंबंधांच्या विषयावर थोडे लिहितो. २००३ नंतर संशोधन आणि बँकिंग यांच्यात भिंत उभी राहिली, आणि विश्लेषकाचा मोबदला बँकिंगच्या उत्पन्नाशी जोडण्यावर बंदी आली. त्याआधी, ऑक्टोबर २००० पासून, अमेरिकेत 'रेग्युलेशन एफडी' हा नियम लागू झाला होता. महत्त्वाची माहिती निवडक विश्लेषकांच्या कानात सांगण्याची जुनी पद्धत त्याने बंद केली. युरोपीय संघात जानेवारी २०१८ पासून संशोधनाचे पैसे दलालीतून वेगळे दाखवणे बंधनकारक करण्यात आले होते. पण उरतो तो दाब मला जास्त जाणवायचा, आणि तो कुठल्याच नियमात बसत नाही. विश्लेषकाला कंपनीच्या अर्थप्रमुखाशी बोलायला मिळणे, मोठ्या ग्राहकांसाठी त्यांची भेट घडवून आणता येणे, यावर त्याची किंमत ठरते. कठोर अहवालानंतर आमचा फोन उचलला जात नसे आणि कॉलवर प्रश्न विचारण्याची पाळी शेवटी येई, किंवा वेळच संपे. दुसरा दाब कळपाचा. चौदा जणांबरोबर चुकलो तर नोकरी जात नाही. एकटा चुकलो तर जाते. त्यामुळे अंदाज एकमेकांजवळ दिसतात आणि बाहेरच्याला वाटते की चित्र फार स्पष्ट आहे.

मग उपयोग कशाचा? माझ्या मते आकड्याची पातळी सोडून त्याची हालचाल पाहावी. गेल्या तीन महिन्यांत पुढच्या वर्षाचा ईपीएस किती जणांनी वाढवला आणि किती जणांनी घटवला, आणि का? विश्लेषक एकदम मोठा बदल करायला धजावत नाहीत, हप्त्याहप्त्याने करतात. म्हणून पहिल्या कपातीमागोमाग बऱ्याचदा दुसरी येते.

विचलन

टाचणवही यांच्या या शेवटच्या वाक्याशी मिळतीजुळती गोष्ट भावांतही दिसते. निकाल चांगला किंवा वाईट आल्यानंतर भाव त्याच दिवशी पूर्ण न बदलता पुढचे काही आठवडे त्याच दिशेने सरकत राहतो, हे बॉल आणि ब्राउन यांनी १९६८ मध्येच दाखवले होते.

त्याला जोडून 'अंदाजापेक्षा सरस' या शब्दांची किंमतही समजून घ्यावी. अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० निर्देशांकातल्या साधारण चारपैकी तीन कंपन्या अलीकडच्या वर्षांत बहुतेक तिमाहींत नफ्याच्या सरासरी अंदाजाच्या वर जातात. अंदाज निःपक्षपाती असते तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असायला हवे होते. घडते असे की, वर्षाच्या सुरुवातीला अंदाज उंच असतो, व्यवस्थापन सावध बोलत बोलत तो खाली आणते, आणि निकालाच्या दिवशी उंच उडीतली आडवी काठी इतकी खाली आलेली असते की कोणीही ती ओलांडावी. म्हणून मी दोन तुलना करतो. निकाल आदल्या दिवशीच्या अंदाजाच्या तुलनेत कसा आहे ही एक, आणि एक वर्षापूर्वी याच तिमाहीसाठी जो अंदाज होता त्याच्या तुलनेत कसा आहे ही दुसरी. दुसरी तुलना क्वचितच मथळ्यात येते.

दूरच्या अंदाजांबद्दल एकच वाक्य. राफाएल ला पोर्ता यांच्या १९९६ च्या अभ्यासात ज्या समभागांबद्दल विश्लेषकांची दीर्घकालीन वाढीची अपेक्षा सर्वांत उंच होती, त्यांचा पुढचा परतावा सर्वांत कमी अपेक्षा असलेल्या समभागांपेक्षा बराच कमी राहिला.

मध्यमवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. टाचणवही यांनी सांगितल्याप्रमाणे मी दोन संध्याकाळी बसून कॉलचे इतिवृत्त आणि एक पूर्ण अहवाल वाचला. यापूर्वी मी अहवालाचे फक्त पहिले पान पाहत असे.

आधी निकाल. ऑपरेटिंग मार्जिन वर्षभरापूर्वी १६.२ टक्के होते, ते १४.८ वर आले आहे. जादा नफा जवळजवळ सगळा ठेवींवरच्या व्याजातून आणि कमी पडलेल्या करातून आला. आणि हो, व्यवस्थापनाने विक्रीवाढीचा अंदाज खरोखरच खाली आणला. टाचणवही यांनी तो आकडा अंदाजाने लिहिला होता की त्यांनी कॉल ऐकला होता, कोण जाणे.

आता अहवाल. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'खरेदी करा, लक्ष्य ११७६ कायम' असे आहे. निकालापूर्वीच्या अहवालातही ११७६ च होते, तेव्हा यांच्या मते काहीच बिघडलेले नाही असे मला प्रथम वाटले. नंतर अकराव्या पानावर अंदाजांतल्या बदलांचा तक्ता सापडला. पुढच्या वर्षाचा ईपीएस ५६ होता, तो ५२ केला आहे. पीई २१ च आहे. २१ गुणिले ५२ म्हणजे १०९२ होतात, मग ११७६ कसे आले? तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक वाक्य होते: 'मूल्यांकन दोन तिमाही पुढे नेले आहे.' म्हणजे पुढच्या वर्षाचे ५२ आणि त्याच्या पुढच्या वर्षाचे ६०, यांची सरासरी पुन्हा ५६. नफा सात टक्क्यांनी कापला आणि तेवढीच भरपाई दिनदर्शिका पुढे सरकवून केली.

टाचणवही

याला आम्ही 'रोल फॉरवर्ड' म्हणायचो. वेळ पुढे जाते तसे मूल्यांकनाचे वर्ष पुढे सरकणे रास्तच आहे, त्यात गैर काही नाही. पण ते ठरलेल्या वेळापत्रकाने सरकवले, की नेमके अंदाज कापले त्याच दिवशी सरकवले, हे पाहावे. त्याच विश्लेषकाचे मागचे चार अहवाल काढा. प्रत्येक वेळी किती तिमाही पुढची धरली होती ते लिहा. शिस्त आहे की सोय, ते लगेच कळेल.

तुमच्या ११५० च्या सरासरीबद्दलही एक शंका आहे. त्यातली किती लक्ष्ये निकालानंतरची आहेत?

मध्यमवाट (धागाकर्ता)

पाहिले. १५ पैकी ११ निकालानंतरची आहेत. उरलेली चार जुनीच आहेत, त्यातली एक तर सात महिन्यांपूर्वीची, आणि चौघांची सरासरी १३२५ आहे. ती चार काढली तर उरलेल्या ११ लक्ष्यांची सरासरी १०८६ येते आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) १०६०. म्हणजे ८७४ या भावावर ३२ टक्क्यांचा वाव सरळ २४ आणि २१ वर आला. ताज्या लक्ष्यांतले सर्वांत खालचे ९०० आहे, सर्वांत वरचे १३००.

विचलन

९०० आणि १३०० मधले अंतर तुमच्या सरासरीपेक्षा जास्त बोलके आहे. हे दोन विश्लेषक नेमके कशावर असहमत आहेत ते शोधा. ईपीएस जवळपास सारखा असून पीई वेगळा असेल, तर वाद बाजाराच्या मूडचा आहे. ईपीएसच वेगळा असेल, तर वाद धंद्याचा आहे आणि पुढच्या दोन तिमाहींत त्याचा निकाल लागेल.

शिवाय लक्ष्य बारा महिन्यांनंतरचे असते हे विसरू नये. या जोखमीच्या समभागाकडून तुम्हाला वर्षाला १२ टक्के हवे असतील, तर ९०० चे लक्ष्य आणि ८७४ चा भाव म्हणजे, लाभांश बाजूला ठेवला तर, तीनच टक्के. त्या विश्लेषकाचा शेरा काहीही असो, तुमच्या हिशेबाने तो 'विका' आहे.

मध्यमवाट (धागाकर्ता)

शोधले. ९०० वाल्याने पुढच्या वर्षाचा ईपीएस ५० आणि पीई १८ धरला आहे. मार्जिन १५ टक्क्यांच्या वर जाणार नाही, कारण धातूंची भाववाढ ग्राहकांवर टाकता येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. १३०० वाल्याने ५६.५ आणि २३ धरला आहे. त्याच्या मते निर्यातीच्या ऑर्डरी दोन तिमाहींत सुरू होतील. म्हणजे वाद दोन्ही गोष्टींचा आहे.

शंकासुर

इतका खल झाला, तर शेवटी विकले की ठेवले ते तरी सांगा.

मध्यमवाट (धागाकर्ता)

अजून विकलेले नाहीत, पण दरमहा होणारी खरेदी थांबवली आहे. निर्यातीच्या ऑर्डरींचा कॉलमध्ये एकदाच, तोही मोघम, उल्लेख होता, म्हणून मी ईपीएस ५१ धरला. पीई १८. माझा आकडा ९१८ आला. पुढच्या निकालात मार्जिन १५ च्या खाली राहिले तर विकायचे, असे आजच्या तारखेने लिहून ठेवले आहे.

टाचणवही

५१ कसे आले ते समजले. १८ कुठून आणले?

मध्यमवाट (धागाकर्ता)

कंपनीच्या गेल्या दहा वर्षांच्या पीईचा मध्यक १८ आहे.

टाचणवही

त्या दहा वर्षांत विक्री दरवर्षी किती वाढत होती? आणि आता व्यवस्थापन स्वतःच १०-११ टक्के म्हणते आहे.

मध्यमवाट (धागाकर्ता)

पंधराच्या आसपास वाढत होती. म्हणजे मीही तुमच्या रात्री साडेअकराच्या रकान्यातच येऊन बसलो की. वाढ १०-११ टक्के होती अशा वर्षांतला पीई वेगळा काढून बघतो आणि आकडे इथेच देतो.